शुक्रवारचा काता

फेब्रुवारी लागला की पडघ्याच्या आसपासच्या शेतांत राब भाजायला सुरुवात होते. पालापाचोळा, शेणी, वाळकं गवत रचून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, आणि तो धूर सकाळच्या गारव्यात जमिनीलगत सरकत आमच्या शाळेच्या पटांगणापर्यंत येतो. त्याच दिवसांत शाळेत बोर्डाच्या परीक्षेची लगबग सुरू होते. बाकांवर नंबर टाकायचे, फुटलेल्या खिडक्यांना पुठ्ठे लावायचे, मुलांच्या प्रयोगवह्यांवर सह्या करायच्या. अठ्ठावीस वर्षं मी इथं विज्ञान शिकवते आहे. दर वर्षी या धुरात मला आणखी एक वास येतो, जो पडघ्यात कुठेच नाही. सुताला लावलेल्या कांजीचा आंबूस वास, आणि त्यात मुरलेलं मशीनचं तेल. तो वास भिवंडीतल्या निजामपुऱ्याचा आहे, आणि मी सतरा वर्षांची असतानाचा आहे. नाकाला आपलं वय कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यंदा बारावीच्या मुलींसाठी शाळेनं आठ दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर ठेवलं. शिकवायला आलेला मुलगा पंचविशीचा, पांढराशुभ्र पोशाख, कमरेला काळा पट्टा, आवाज खणखणीत. मुली रांगेत उभ्या राहून हवेत ठोसे मारत होत्या. एक हात पुढे, दुसऱ्या हाताची मूठ वळून कमरेशी. मधल्या सुट्टीत एका मुलीनं विचारलं, "सर, दुसरा हात मागे कशाला न्यायचा?" तो म्हणाला, "त्यानं पॉवर येते." मी चहाचा कप घेऊन जवळच उभी होते. आगाऊपणा हा माझा जुना गुण आहे, तो मुख्याध्यापकांनाही ठाऊक आहे. कप कठड्यावर ठेवून मी म्हटलं, "मागे जाणारी मूठ रिकामी नसते ग. तिच्यात समोरच्याचं मनगट असतं." तो मुलगा माझ्या साडीकडे आणि चष्म्याकडे बघून आदरानं हसला. अशा हसण्याची मला सवय आहे.

वाक्य माझं नव्हतंच. ते इब्राहीमचाचांचं. चाचा म्हणजे माझी कॉलेजमधली मैत्रीण शमीम, तिचे वडील. निजामपुऱ्यात यंत्रमागांच्या, सोळा लूमच्या एका कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. धोटा अडकला, पट्टा तुटला, की सगळे त्यांच्या दिशेनं हात हलवायचे, कारण त्या आवाजात हाक कोणालाच ऐकू जात नसे. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. बोटांच्या पेरांत कायमचं काळं तेल आणि दाढीत रुईचे दोन-चार तंतू. तरुणपणी ते बोटीवर खलाशी होते. एकदा त्यांची बोट इंजिन बिघडून जपानच्या ओकिनावा बेटाच्या बंदरात चार महिने पडून राहिली. बंदरातल्या गोदामामागच्या बोळात एक म्हातारा रोज संध्याकाळी भिंतीला पाठ लावून डावीकडे-उजवीकडे सरकत हातवारे करायचा. चाचा आधी हसले, मग बघत उभे राहिले, आणि मग शिकायला लागले. चार महिन्यांत त्या म्हाताऱ्यानं त्यांना एकच काता शिकवला. काता म्हणजे हल्ल्याच्या आणि बचावाच्या हालचालींची ठरलेली मालिका, पाढ्यासारखी पाठ करायची. याचं नाव नायहानची. दुसरा काता चाचांना येत नव्हता आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. "एकच येतो, पन पुरा येतो," म्हणायचे.

नायहानचीत माणूस पुढे जात नाही की मागे येत नाही. एका रेषेत आडवा सरकतो. थोडं उजवीकडे, तितकंच डावीकडे. मोकळ्या मैदानात हे बघणाऱ्याला विचित्रच वाटतं. पण दोन लूमच्या मधे उभं राहून पाहा. तिथली जागा जेमतेम दीड हात रुंद. सरळ ठोसा मारायला जाल तर कोपर लोखंडावर आपटेल. तिथं कामगारसुद्धा दिवसभर आडवेच चालतात. चाचा म्हणायचे, "हा काता भिवंडीसाठीच बनवला होता, चुकून जपानला गेला."

आठवड्याचे सहा दिवस निजामपुरा खटखटत असे. तो आवाज कानांत राहत नाही, दातांत राहतो. रस्त्यावरची बोलणी ओरडून, भांडणं त्याहून ओरडून, आणि घरी गेल्यावरही माणसं ओरडूनच मीठ मागायची. शुक्रवारी लूम बंद असत. मग एकाएकी तो सगळा मोहल्ला इतका शांत व्हायचा की कोणाच्या तरी घरात तांदळाच्या रोट्या थापल्याचा आवाज गल्लीत यायचा. दुपारच्या नमाजानंतर चाचा कारखान्याचं दार अर्धं उघडायचे. मालकानं त्यांना परवानगी दिली होती, अट एवढीच की सुताला हात लावायचा नाही. आत पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडलेले, त्यांत रुईचे कण तरंगत असायचे, आणि सोळा लूम गुपचूप उभे. त्या शांततेत मी आणि शमीम आमचा काता करायचो. तसली शांतता मला नंतर कुठे मिळाली नाही.

आता मी तिथं कशी पोचले ते सांगते. आम्ही टेमघरला राहायचो. बाबा पाणीखात्यात होते. कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं त्याचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, ही त्यांची ड्युटी. कॉलेज गावाच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी प्रॅक्टिकल सुटलं की मी शमीमबरोबर तिच्या घरापर्यंत यायचे आणि तिथून दोन कारखान्यांच्या मधल्या बोळातून मुख्य रस्त्याला लागायचे. जानेवारीच्या सुरुवातीपासून त्या बोळाच्या तोंडाशी एक माणूस सायकल टेकवून उभा राहायला लागला. आधी नुसता बघायचा. मग खोकायला लागला. मग एक दिवस तो बोळाच्या मधोमध आला आणि त्यानं माझं उजवं मनगट धरलं. मी ओरडले. जीव खाऊन ओरडले. दोन्हीकडे लूम चालू होते. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मी हिसका दिला, बांगड्या फुटल्या, हात रक्तानं ओला झाला, आणि बहुधा त्या ओलीमुळेच सुटला. तो कोण, कुठला, कोणाच्या घरचा, हे मला आजही माहीत नाही. माहीत नाही ते बरं झालं. आमच्या गावानं दंगलींचे वाईट दिवस पाहिले होते. एका माणसाच्या हलकटपणाला तिथं चटकन आडनाव चिकटायचं, आणि मग गोष्ट त्या एका माणसाची राहत नसे.

आईनं हात पाहिला आणि मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. बाबांनी उठून माझं दप्तर माळ्यावर टाकलं. "बारावीची परीक्षा ऱ्हाऊ दे औंदा," म्हणाले. मी रडले, जेवले नाही, आई मधे पडली. त्यांचं एकच. "मी ड्युटीवर असतो. तुला न्यायला-आणायला कोन हाय? काय झालं तर मी कोनाला इचारू?" शिकण्यावरून आमच्या घरात त्याआधी कधीच वाद झाला नव्हता. आमच्या वस्तीत पोरांनी शिकावं याचा ध्यास असलेली माणसं पुष्कळ होती, आणि बाबा त्यांत पहिल्या रांगेतले. पहिलीच्या पहिल्या दिवशी ज्यांनी मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याच हातांनी दप्तर माळ्यावर गेलं होतं. मला त्यांचा राग आला. ते भ्यायले होते, हे कळायला मला स्वतः आई व्हावं लागलं.

तीन दिवस मी कॉलेजात गेले नाही, तेव्हा शमीमनं घरी सगळं सांगून टाकलं. त्याच संध्याकाळी इब्राहीमचाचा आमच्या दारात. अंगावर धुतलेला सदरा, हातात कागदाच्या पुडीत खजूर. बाबांची आणि त्यांची आधी नुसती नमस्कार-सलामाची ओळख. चहा झाला, पाण्याच्या वेळापत्रकावर बोलणं झालं, आणि मग चाचा म्हणाले, "भाऊ, आमच्या गल्लीत तुमच्या पोरीचा हात धरला. मला शरम वाटते. मला सहा शुक्रवार द्या. ही आनि माझी शमीम, दोघी. मी शिकवतो कसं सुटायचं ते."

"सहा शुक्रवारात काय पैलवान व्हनार हाय का ती?"

"पैलवान नाय. सुटनारी."

बाबांनी कप खाली ठेवला. "बरं. सहा शुक्रवार घ्या. मंग मी सोता येऊन हिचा हात धरनार. सुटली तर परीक्षेला बसंल. न्हाय सुटली तर न्हाय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं कपाळाला हात लावला. मला मात्र त्या क्षणी हायसं वाटलं. बाबांचा हात कसा आहे हे मी विसरले होते. गंजलेले व्हॉल्व्ह पंधरा वर्षं फिरवणाऱ्या माणसाचा हात तो. आमच्या घरात कुठल्याही बरणीचं झाकण त्यांच्याशिवाय निघत नसे.

दप्तर माळ्यावरून खाली आलं. कॉलेजला मी गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं, शमीम आणि तिच्या दोन मावसबहिणींच्या घोळक्यातून जायला लागले. आणि दर शुक्रवारी काता.

पहिल्या शुक्रवारी चाचांनी आम्हाला फक्त मान वळवायला शिकवलं. पाठ भिंतीकडे, पाय जमिनीत रोवलेले, आणि नजर एका बाजूला. नायहानची नजरेनंच सुरू होतो. "आधी बघा गो त्याच्याकडे. तुम्ही पोरी खाली बघत चालता. खाली काय सोनं पडलंय?" रस्त्यानं खाली बघून चालावं, हे आम्हाला घरोघर शिकवलेलं. मान वर करून माणसाकडे बघायला दोन आठवडे लागले, हे आज मुलींना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं.

दुसऱ्या शुक्रवारी हात. मूठ वळून दोन्ही हात कमरेच्या एका बाजूला न्यायचे, अशी एक हालचाल त्या कात्यात आहे. दिसायला नुसती ऐट. चाचांनी शमीमला माझं मनगट धरायला लावलं आणि त्या ऐटीची घडी उलगडून दाखवली. त्यानं धरलेला हात ओढून काढायचा नाही. उलट आपल्या दुसऱ्या हातानं त्याचाच हात आपल्या मनगटावर दाबून धरायचा, पळू द्यायचा नाही, आणि दोन्ही हात कमरेशी न्यायचे. आता तो आपल्याकडे ओढला जातो, त्याचा तोल पुढच्या पायावर येतो, आणि ज्याला वाटत होतं की त्यानं आपल्याला धरलंय, त्यालाच आपण धरलेलं असतं. मग कोपर. मग, पकड ढिली झाली की अंगठ्याच्या बाजूनं मनगट काढायचं, कारण पकडीला फट असते ती तिथंच. विज्ञान शिकवताना तरफ हा धडा आला की मी अजूनही हेच उदाहरण देते. तरफेवरचा प्रश्न माझ्या वर्गात सहसा कोणाचा चुकत नाही.

मग आला पाय. नायहानचीत एक पाऊल आतल्या बाजूनं झपकन वर उचललं जातं आणि परत जागेवर येतं, परतणाऱ्या लाटेसारखं. चाचा ते लाटेचं सांगायचे तेव्हा त्यांचे डोळे थोडे दूर जायचे. त्याचा उपयोग मात्र रोखठोक. ओढल्यामुळे समोरच्याचं वजन ज्या पायावर आलंय, त्याच्या नडगीवर आपल्या बुटाची कड घासून मारायची. चाचांनी आपल्या नडग्यांवर लूमचं वाया गेलेलं सूत जाडजूड गुंडाळलं, वर गोणपाट बांधलं, आणि म्हणाले, "मारा."

मी मारलं. लगेच खाली वाकले, त्यांच्या पायाला हात लावला आणि छातीशी नेला.

"हे काय?"

"पाय लागला ना चाचा."

"पाय लागला नाय, मारलास!"

शमीमनं मारलं. तीही "तौबा, अब्बा" म्हणत वाकली. पुन्हा मी. पुन्हा वाकले. मला कळत होतं, तरी पाठ आपोआप वाकत होती. मोठ्या माणसाला पाय लागला की पाया पडायचं, हे आमच्या हाडांत इतकं मुरलं होतं की मारण्याच्या आणि माफी मागण्याच्या मधे श्वासभरही अंतर राहत नव्हतं. चाचांनी आधी समजावलं, मग रागावले, मग एका लूमला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अगो, तो गुंड खाली पडलाय, आनि तुम्ही त्याच्या पाया पडताय! तो आशीर्वाद देऊन परत धरेल ना तुम्हाला!" त्या शुक्रवारी आम्ही प्रत्येकी शंभरेक लाथा मारल्या असतील आणि शंभरदा नमस्कार केला असेल.

घरी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "बरोबरच हाय की. पाय लागल्यावर पाया पडायचं न्हाय तर काय करायचं?" बाबा रेडिओ लावत होते. त्यांनी त्याचा आवाज कमी केला.

ही खोड शेवटपर्यंत पुरती गेली नाही. पाचव्या शुक्रवारी मी वाकायची थांबले, पण हात तरी छातीशी जायचाच. चाचा म्हणाले, "कात्याची शेवटची पायरी कुठली, सांग." मी शेवटची हालचाल करून दाखवली. त्यांनी मान हलवली. "नाय. शेवटची पायरी पळायची. हात सुटला की थांबायचं नाय, बघायचं नाय, बोलायचं नाय. म्हाताऱ्यानं मला हे नव्हतं शिकवलं, हे मी शिकवतो."

त्या सहा आठवड्यांची चव अजून जिभेवर आहे. शिकवणी संपली की शमीमची आई जवळ्याची चटणी आणि रोटी पाठवायची. आम्ही दोघी कारखान्याच्या पायरीवर बसून, तेलकट हात ओढणीला पुसून ते खायचो आणि एकमेकींना रसायनशास्त्रातली सूत्रं विचारायचो. चुकलं की नडगीवर हळूच टोला. घरी जाताना आंब्यांना मोहोर आलेला असायचा, आणि हिरव्या घाट्यांचा हरभरा विकणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला बसलेल्या. सूर्य बुडायच्या आत टेमघर गाठायचं असे. परीक्षेची भीती होती, त्या माणसाची भीती होती, आणि या दोन्हींपेक्षा मोठी भीती माझ्याच वडिलांच्या हाताची. तरी मला कोणी विचारलं की तुझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस कुठले, तर मी तेच दिवस सांगेन. मला कोणीतरी शिकवत होतं, तेही काहीही न मागता. सतरा वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं असतं?

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलींनी मला घेरलं. मधल्या दिवसांत मी त्या शिक्षकाला नायहानची करून दाखवला होता, आणि त्यानंच त्यांना सांगितलं होतं म्हणे, मॅडमना विचारा, त्यांना जुना काता येतो. एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही खरंच कोणाला मारलंय?"

"एकदा."

"कोणाला?"

"माझ्या वडिलांना."

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. आई गेली तेव्हा तिलासुद्धा हे माहीत नव्हतं. बाबांच्या डाव्या नडगीवर एक खळगा होता, तो व्हॉल्व्हची चावी पडल्याचा, असंच ती शेवटपर्यंत समजत होती. बाबांनीच तिला तसं सांगितलं होतं.

इब्राहीमचाचांना जाऊन आता बारा वर्षं झाली. तो कारखाना राहिला नाही. लूम भंगारात गेले आणि तिथं आता मोबाइलची दुकानं आहेत. शमीम कल्याणला असते, तिच्या नातींना ती भिंतीला पाठ लावून उभं करते. मी नोकरीला लागले तेव्हा पेढे घेऊन चाचांकडे गेले होते. आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "माझं काय त्यात? त्या म्हाताऱ्यानं मला दिलं, मी तुला दिलं. तू पुढे दे." मी ते तेव्हा ऐकून घेतलं, पण मला ते पुरेसं वाटलं नव्हतं आणि अजूनही वाटत नाही. चार महिने अडकलेल्या एका खलाशाला काही न विचारता शिकवणारा तो म्हातारा, ज्याचं नावही मला ठाऊक नाही, आणि परक्या घरच्या पोरीसाठी धुतलेला सदरा घालून आमच्या दारात आलेला हा माणूस, यांचे आभार मला मानायचेत. इथं कागदावर मानते. ऐकायला दोघंही नाहीत, तरी मानते.

आणि तिसऱ्या माणसाचे. त्यांचे आभार मानायला मला सगळ्यात जास्त वर्षं लागली.

सहावा शुक्रवार मार्चच्या सुरुवातीला आला. बाबा ड्युटीवरून थेट कारखान्यात आले. खाकी शर्ट, खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची ती लांब लोखंडी चावी. चावी त्यांनी भिंतीला टेकवली आणि चपला दाराशी काढल्या. कारखान्यात कोणी चपला काढत नाही, पण त्यांनी काढल्या. मग दोन लूमच्या मधे येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता त्यांनी चाचांना विचारलं, "कुठं धरू?"

चाचा सुताचा गुंता घेऊन पुढे झाले. "आधी पायाला हे बांधा, भाऊ. पोरगी जोरात मारते."

"न्हाय."

"लागेल हो."

"त्या मानसाच्या पायाला कोन सूत बांधनार हाय?"

चाचा सूत घेऊन बाजूला झाले. बाबांनी पँट घोट्याच्या वर दुमडली आणि माझं उजवं मनगट धरलं. बांगड्यांच्या जखमेचे व्रण जिथं होते, तिथंच. मी अंगठ्याच्या बाजूनं मनगट फिरवलं. काही झालं नाही. पुन्हा फिरवलं. त्यांची बोटं हललीसुद्धा नाहीत. कोपर मारायला माझा हात उठेना, कारण समोर बाबांची छाती होती. लहानपणी ताप आला की मी त्या छातीवर झोपायचे.

"सुटत न्हाय ना?" बाबा म्हणाले. आवाज कोरडा होता. "चल घरी." आणि त्यांनी मला खरंच दाराकडे ओढायला सुरुवात केली.

मला दिसलं की हे असंच होणार आहे. मी घरी जाणार, दप्तर पुन्हा माळ्यावर जाणार, आणि मग कधीच खाली येणार नाही. शमीम तोंडावर हात धरून उभी होती. मी मान वर केली आणि बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांचा हात माझ्या दुसऱ्या हातानं दाबून धरला, दोन्ही हात कमरेशी नेले, त्यांचं वजन पुढच्या पायावर आलेलं मला जाणवलं, आणि माझा पाय उठला.

कॅनव्हासच्या बुटाची कड होती, पण हाडावर बसली. बाबांच्या तोंडून आवाज निघाला आणि मनगटावरची बोटं उघडली. मी सुटले होते. आणि माझी पाठ वाकायला लागली. सगळं शिकलेलं विसरून, माझा हात त्यांच्या पायाकडे निघाला.

"वाकू नको!" बाबा ओरडले. चाचा नाही, बाबा. "वाकू नको! पळ!"

मी पळाले. कारखान्याच्या दारातून, गल्लीतून, त्या दोन भिंतींच्या मधल्या बोळातून, मुख्य रस्त्यापर्यंत. शुक्रवार होता, सगळं शांत होतं, आणि माझ्या बुटांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. रस्त्यावर पोचल्यावर मी थांबले आणि तिथंच मोठ्यानं रडले. रडू कशाचं ते तेव्हा कळलं नाही.

परत आले तेव्हा बाबा एका पोत्यावर बसले होते. चाचांनी ओलं फडकं त्यांच्या नडगीवर दाबून धरलं होतं आणि फडकं लाल झालं होतं. मी दारातच उभी राहिले. आत यायचं धैर्य होईना. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"पयला पेपर किती वाजता हाय?"

"अकराला."

"मंग धाला निघ." त्यांनी फडकं चाचांच्या हातून आपल्या हातात घेतलं. "मी ड्युटीवर असन. एकटी जा."